दशा

फाल्गुन सरत आला की सोलापुरात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. पंखा नुसती गरम हवा ढवळतो. गेल्या वर्षी अशाच एका रात्री तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर आत्याच्या खोलीत दिवा. बघते तर आत्या पलंगावर मांडी घालून बसलेली. अंगावरची चादर तिनं मांडीवर ओढली होती आणि तिच्या दशांना गाठी मारत होती. गाठी तर चादर विकत आणली तेव्हाच मारलेल्या होत्या. आत्या त्या नखानं सोडवायची आणि पुन्हा मारायची. मोजून धागे वेगळे काढायचे, पिळायचे, वळसा, गाठ, की लगेच पुढची.

"आत्या, झोप की गं आता."

वर न बघता म्हणाली, "डझन पुरं झाल्याबिगर मुकादम सोडतोय व्हय? तू जा सुशे, पोर रडलालंय तुझं."

सुशी म्हणजे माझी आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. रडणारं पोर बहुधा मीच.

आत्या तेव्हा एकोणऐंशीची होती. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेली, चौथीपर्यंत शिकलेली. साखर पेठेतल्या आमच्या तेव्हाच्या बोळापासून हाकेच्या अंतरावर चादरीचा एक कारखाना होता. तिथं तिनं तीसेक वर्षं काढली. मागावर बायका नसायच्या. त्या बाजूच्या फळीवर बसायच्या. मागावरून उतरलेली चादर त्यांच्यापुढं यायची, मग सुटलेले धागे कात्रीनं छाटायचे, दशांना गाठी मारायच्या, घडी घालायची. पहिल्या रात्री मला वाटलं, स्वप्नात आहे बिचारी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला ओळखेना, तेव्हा पाय गळाले.

मग जे घराघरांत होतं तेच आमच्याकडं झालं. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "म्हातारचळ आहे, वय झालं." शेजारच्या काकू मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला आल्या. पहिल्या डॉक्टरांनी उंबऱ्यातूनच पाहिल्यासारखं पाहिलं, "आता हे असंच चालायचं" म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. गोळीनं आत्या रात्रभर भिंतीवरचे धागे वेचायला लागली. तिसऱ्या दिवशी आमच्या बोळातली एक मुलगी, नर्स आहे, सहज डोकावली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "लघवी तपासली का?"

लघवीत जंतुसंसर्ग होता. रात्री उठायला लागू नये म्हणून आत्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सलाइन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. आठव्या दिवशी सकाळी तिनं ताटाकडं बघून विचारलं, "शेंगाची चटणी संपली काय घरातली?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

जुनी माणसं याला "वात झाला" म्हणायची. डॉक्टरी भाषेत डेलिरियम. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या पावलांनी येतो, हा वात तासा-दोन दिवसांत येतो आणि एकाच दिवसात कमीजास्त होत राहतो. म्हातारपणी कितीदा तरी ताप नसतो, जळजळ नसते, आणि संसर्गाची पहिली खूण म्हणून मनच भरकटतं. हा एवढा फरक घरात एकाला जरी ठाऊक असता तर आमचे तीन दिवस वाया गेले नसते. आणि ती एक मीच असायला हवी होते, कारण मी सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

संसर्ग मूत्राशयात, मग बिघाड डोक्यात का? या प्रश्नानं मला त्या उन्हाळ्यात पुन्हा अभ्यासाला बसवलं. आणि लक्षात आलं, की ज्या पेशींमुळं हे घडतं त्या मी इतकी वर्षं वर्गात एका वाक्यात उरकत आले होते. चेतापेशींवर, म्हणजे मेंदूतले निरोप वाहणाऱ्या पेशींवर, चार तास, आणि शेवटी घंटा व्हायच्या आत, "याखेरीज आधार देणाऱ्या ग्लिया पेशी असतात, पुढं चला."

ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत गोंद, डिंक. एकोणिसाव्या शतकात हे नाव पडलं आणि जो मान डिंकाला मिळतो तोच या पेशींना मिळाला. मेंदूत चेतापेशी सोडून आणखी कोणकोण आहे, ते नीट दिसतच नव्हतं. ते दाखवलं पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश माणसानं, १९१९ साली. चांदीच्या कार्बोनेटनं मेंदूचे काप रंगवायची रीत त्यानं बसवली आणि बारीक, काटेरी फांद्यांच्या पेशींची एक वेगळीच जात उजेडात आली. तिचं नाव त्यानं मायक्रोग्लिया ठेवलं. तो काम करायचा सान्तियागो रामोन इ काहालच्या छत्राखाली. काहाल म्हणजे नोबेल मिळालेला, चेतापेशींचा सम्राट. या प्रकरणात गुरूशी बिनसलं आणि १९२० मध्ये त्याला प्रयोगशाळेतून बाहेर पडावं लागलं. पुढं स्पेनमधल्या यादवी युद्धानं देशही सुटला. १९४५ साली तो ब्युनॉस आयर्समध्ये वारला. पण त्यानं जे लिहून ठेवलं त्यातलं फार थोडं खोडावं लागलं. या पेशी बाहेरून मेंदूत शिरतात, एरवी फांद्या पसरून असतात आणि इजा झाली की फांद्या आवरून, गोल होऊन खायला धावतात, हे सगळं त्यानं केवळ मेलेल्या मेंदूचे काप बघून सांगितलं होतं.

बाहेरून, म्हणजे कुठून? याचं उत्तर २०१० साली उंदरांवरच्या कामातून मिळालं. गर्भ अगदी कोवळा असताना त्याला जोडून एक पीतक पिशवी असते. तिथं या पेशींचे पूर्वज जन्मतात आणि रक्तातून प्रवास करत मेंदूत शिरतात. मेंदू तेव्हा धड घडलेलाही नसतो. त्यानंतर रक्त आणि मेंदू यांच्यामधली चौकी उभी राहते आणि येणंजाणं बंद होतं. शरीराच्या संरक्षक फौजेतल्या या पेशी, पण एकदा मेंदूत नांदायला आल्या की पुन्हा माहेर नाही. त्यांची लेकरंबाळं तिथंच. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये माणसातल्या मायक्रोग्लियांचं वयही काढलं. अणुबाँबच्या चाचण्यांमुळं हवेत जो जादा किरणोत्सारी कार्बन मिसळला, तो पिकांतून सगळ्यांच्या पोटात गेला, आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीतूनही गेला असणार. त्या कार्बनवरून हिशेब केला तर दर वर्षी साधारण २८ टक्के पेशी नव्या होतात, सरासरी वय चार वर्षांच्या थोडं वर, आणि काही वीस वर्षांहून जुन्या. म्हणजे आत्याच्या डोक्यात त्या रात्री अशाही काही असतील, ज्यांनी माझ्या आईला शेवटचं आजारपण काढताना पाहिलंय. हे वाक्य शास्त्रीय नाही, मला कळतं. राहू दे.

२००५ साली जिवंत उंदराची कवटी घासून पातळ करून तिच्यातून या पेशी पाहिल्या गेल्या, तेव्हा संशोधक चकितच झाले. तोवर शांत बसलेल्या मायक्रोग्लियाला "विश्रांत" म्हणायची पद्धत होती. पण विश्रांती कसली! बुंधा जागेवर, आणि फांद्या मात्र सतत लांबतायत, आखडतायत, शेजाऱ्यांना चाचपून परत येतायत. काही तासांत सगळा मेंदू चाचपून व्हावा असा वेग. २०१९ मध्ये आणखी एक गंमत कळली. उंदीर जागा असताना या फांद्या थोड्या आखडलेल्या असतात, आणि भूल देऊन जागेपणीचं रसायन ओसरलं की जास्त पसरतात. दिवसा मागांवर काम चालू असताना झाडू मारता येत नाही, पाळी सुटल्यावर मारतात, तसं.

पण नुसती राखण आणि झाडलोट एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मला थबकवलं ते कात्रीनं.

मूल जन्मतं तेव्हा आणि त्यानंतरची वर्ष-दोन वर्षं मेंदूत चेतापेशींमधल्या जोडण्यांचं पेव फुटतं. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूचे तुकडे घेऊन अक्षरशः मोजदाद केली. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाकडं मोठ्या माणसापेक्षा निम्म्यानं अधिक जोडण्या निघाल्या. मग पुढच्या पंधरा वर्षांत त्या कमी होत जातात. कोण करतं कमी? २००७ नंतर बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या पूरक प्रथिनांचं काम जंतूंवर "याला खा" अशी खूण करणं, तीच प्रथिनं जादा जोडण्यांवरही बसतात. आणि २०१२ मध्ये मायक्रोग्लियांच्या पोटात गिळलेल्या जोडण्या सापडल्या. ज्या जोडणीतून निरोपांची ये-जा कमी, ती खाल्ली जाण्याचा संभव जास्त.

आत्याच्या कारखान्यात नेमकं हेच होतं. तपासणारा माणूस सुटल्या धाग्यावर खडूची खूण करायचा आणि फळीवरची बाई कात्री चालवायची. मागावरून उतरलेली चादर लोंबत्या धाग्यांनी केसाळ दिसते. नक्षी तीच असते, पण ती वर येते छाटणीनंतर. लहानपणी मी शाळा सुटली की तिथं जाऊन त्या धाग्यांच्या ढिगात लोळायचे. माग एवढे खडखडत की बोलणं ऐकू यायचं नाही, बायका ओठांवरून एकमेकींचं ओळखायच्या. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायका, कानडी बोलणाऱ्या लिंगायत, आम्ही मराठी, दखनी बोलणाऱ्या एकदोघी. आत्याला चारही यायच्या. मलाही सात वर्षांची होईतो तेलुगू येत होतं, म्हणजे भांडता येत होतं. मग वडिलांनी विजापूर रोडला घर बांधलं, आम्ही तिकडं गेलो आणि माझं तेलुगू गेलं. आज "इटु रा" (इकडं ये) आणि "अन्नं तिन्नवा" (जेवलीस का) याच्यापलीकडं गाडी जात नाही. माझ्या तेलुगूवर कोणत्या पेशीनं कात्री चालवली असा पुरावा कुणी देणार नाही, आणि विसरणं म्हणजे केवळ जोडणी तुटणं एवढं सोपंही नाही. तरी त्या ओळी वाचताना मला तो खडू आठवला.

कात्री जास्त चालली तर? २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या धोक्याचा एक धागा याच पूरक प्रथिनांपैकी एकाच्या जनुकापर्यंत पोचला. तो आजार तरण्या वयात का उमटतो, याचं एक उत्तर तिथं दडलेलं असू शकतं. त्याच वर्षी अल्झायमरसारखा आजार दिलेल्या उंदरांत असं दिसलं, की आठवणी जायच्या कितीतरी आधी मायक्रोग्लिया पुन्हा जोडण्या खाऊ लागतात. बाळपणी वापरलेलीच खूण, तीच कात्री, फक्त अवेळी.

म्हणजे गुन्हेगार सापडला? मला आधी तसंच वाटलं होतं, आणि दोन दिवस मी या पेशींवर रागावून होते. पण २०१३ मध्ये उलटी बाजू पुढं आली होती. ट्रेम-टू नावाचं एक जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांतच वापरलं जातं. त्यात एक विशिष्ट दोष असलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट निघाला. आणि दोष म्हणजे पेशी आपलं काम नीट करत नाहीत, असा. एरवी त्या अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या किटणाला वेढा घालून बसतात, बांध घालतात. तो बांध ढिला पडला तर शेजारच्या चेतापेशींची वाताहत वाढते. त्याआधी सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या देऊन अल्झायमर टळतो का हेही पाहून झालं होतं, तो टळला नव्हता. काम करणारीलाच कामावरून काढून कारखाना सुधारत नाही. तिचा हात का सुटला, ते बघावं लागतं.

हात सुटण्याचं एक कारण आमच्या त्या तीन दिवसांत होतं. संसर्ग कुठंही असो, त्याची वर्दी रक्तातून आणि नसांतून मेंदूपर्यंत जाते आणि मायक्रोग्लिया आत तिचा पुकारा करतात. तापात आपण गळून पडतो, जेवण नको होतं, कुणी बोलू नये वाटतं, ते त्यामुळंच, आणि ते हिताचंच असतं. पण म्हाताऱ्या किंवा आधीच झिजू लागलेल्या मेंदूत या पेशी ठिणगीला टपलेल्या असतात. इंग्लंडमधले ह्यू पेरी आणि त्यांचे सहकारी कोल्म कनिंगहॅम यांनी २००५ मध्ये मेंदूचा आजार असलेल्या उंदरांच्या पोटात जंतूंच्या कवचाचा नुसता अंश टोचला, तर मेंदूत दाहाचा भडका उडाला आणि चेतापेशी अधिक मेल्या. धडधाकट उंदरांत तेवढ्याच टोचण्यानं तसं झालं नाही. मूत्राशयातून मेंदूत गेलेली वाट ही अशी.

असा वात येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना पुढं स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण जास्त असतं. आत्याही शंभर टक्के परतली नाही. चटणी आठवली, माणसं ओळखू आली, पण दळणाचा डबा कुठं ठेवला हे दिवसातून चारदा विचारायला लागली. मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागद दिला, "आजी, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." आत्यानं गोल काढला आणि पेन खाली ठेवलं. "मला काय करायचंय घड्याळ? भोंगा झाला की कळायचं." डॉक्टर भले होते, हसले. पण मला वाटतं तिला त्या चाचणीत तरी शून्य देऊ नये. सगळी पेठ गिरणीच्या भोंग्यावर उठायची, जेवायची. जिच्या मनगटाला जन्मात घड्याळ लागलं नाही तिनं काटे कुठले काढायचे?

भारतात साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंश असलेली माणसं ८८ लाखांच्या घरात आहेत, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये आला. शेकडा सात-साडेसात. त्यातल्या किती जणींनी घड्याळाचा कागद कोरा ठेवला असेल!

लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये चौदा कारणं सांगितली, ती आवरली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असं म्हटलं. यादी मी आत्याला समोर बसवून वाचली. रक्तदाब, साखर, तंबाखू, डोक्याचा मार, खराब हवा, एकटेपणा, नजर, कमी शिक्षण. आणि कान. कानाशी आल्यावर मी थांबले. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात बसून तिचे कान चाळिशीतच गेले होते. आम्ही त्याची चेष्टा करायचो, "आत्याला सांगायचं म्हणजे पार्क चौकापर्यंत ऐकू जातं." कानाचं मशीन मी तिच्या साठाव्या वर्षी आणून दिलं. ते शेवयांच्या डब्यात आहे. शिटी वाजते म्हणाली, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. आता विचारते. कान बंद झाले की बोलणं कमी होतं, बोलणं कमी झालं की माणूस कोपऱ्यात जातो, आणि मेंदूला काम उरत नाही. हे कळायला मला आयोग लागला.

दुसऱ्या पारड्यात मात्र आत्याच्या भाषा. तेव्हा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची नोंद तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार साडेचार वर्षं उशिरा गाठत होता, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही तो फरक टिकून होता. परदेशात असं काही निघालं की लोक म्हणतात, दोन भाषावाले शिकलेलेच जास्त असतात. हैदराबादेत ते म्हणायला जागा राहिली नाही. साखर पेठेतही राहणार नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आत्याला सासष्टाव्या वर्षी नागीण झाली होती, बरगडीवरून पाठीपर्यंत. गेरू लावला, महिनाभर ओरडली. लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू नसांत लपून बसतात आणि म्हातारपणी असे बाहेर येतात. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस देताना वयाची रेघ आखली होती. २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, त्याआधीच्यांना नाही. आठवड्याच्या फरकानं जन्मलेली, बाकी सगळ्यांत सारखी माणसं. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशानं कमी निघाला. हे २०२५ मध्ये छापून आलं. त्यात मायक्रोग्लियांचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. मी माझ्यापुरतं लसीची किंमत विचारून आले. स्वस्त नाही.

संक्रांतीच्या सुमारास आत्याला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यायचं ठरवलं होतं, पण तिच्या पायांना ती गर्दी झेपली नसती. सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा घरीच टीव्हीवर लावला. तळ्याकाठी सम्मती कट्ट्याजवळ नंदीध्वज आले, "हर्र बोला हर्र" झालं, तशी आत्यानं मुठीतली अक्षता टीव्हीवर उधळली. तेवढ्यात तिची कारखान्यातली जुनी मैत्रीण आली, नातवाच्या गाडीवर मागं बसून. दोघी पलंगावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. आत्याच्या कानात मशीन नव्हतं, पण त्या मैत्रिणीला ओठ हलवून कसं बोलायचं ते ठाऊक होतं. तेलुगूतून सुरू झालं. दळणाचा डबा विसरणारी आत्या भराभर बोलत होती, नावं घेत होती, कुणाचं तरी लग्न, कुठला तरी मुकादम, आणि मग दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हात मात्र चालूच होते. पलंगावरच्या चादरीची एक गाठ आत्यानं सोडवली, तर मैत्रिणीनं पुढची धरली.

"काय गं, काय झालं एवढं?" मी विचारलं.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. खरंच आश्चर्य वाटलं होतं तिला.

"तुला येत होतं की गं हे सगळं. इसरलीस?"

मी चहा टाकायला उठले.